कानाकडे कानाडोळा

“हात नाही लावला हो बाई, नुसतं बघितलं.”

हे वाक्य म्हणताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं उजव्या कानाच्या वरच्या कडेला असायची. लावलेला हात तसाच ठेवून ते मला हात न लावल्याचं सांगायचे, आणि तेही अशा चेहऱ्याने, की चूक माझ्याच नजरेची असावी. मी त्यांच्याकडे रोखून बघायची. मग ते बोटं खाली घ्यायचे, टेबलावरचा कागद सरळ करायचे, आणि मी संगणकाकडे वळले रे वळले की हात परत वर.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आता ते नाहीत. पण असते तर नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि बाकीच्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून त्यांनी हा कागद मला परत दिला असता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

मार्केट यार्डात भुसार विभागात मिरचीचा एक गाळा आहे. तिथे आम्ही दोघं नोकरीला होतो. जीएसटी नुकताच आला होता, शेठच्या डोक्याला शॉट झाला होता, म्हणून मला घेतलं होतं. मी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची आणि दिवसभर शिंकत बिलं करायची. काका तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून होते. माल उतरला की पोत्यातून मूठभर मिरची काढून ती कुठली, किती जुनी, किती ओलसर आणि किती खोटी, हे सांगणं त्यांचं काम.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. भुसार बाजारात ‘बघणं’ हे डोळ्यांचं काम नाही. गूळ बघायचा म्हणजे फोडायचा. तांदूळ बघायचा म्हणजे तळहातावर चोळायचा. मिरची बघायची म्हणजे देठ मोडायचं, साल चुरगळायची, बी अंगठ्याने दाबायचं, नाकाशी न्यायचं आणि शेवटी बोट जिभेच्या टोकाला लावायचं. “बघू” म्हणालं की हात पुढे आलाच. काकांचं सगळं आयुष्य असं बघण्यात गेलेलं. त्यांचे तळहात कायम लालसर असायचे. त्यांनी हातात घेतलेला कागद माझ्याकडे आला, की दुपारी डोळा चोळताना मला त्याची आठवण व्हायची.

स्वभाव पेठेतला. राहायला कर्वेनगरला गेले होते, पण स्वभाव सामानाबरोबर तसाच नेला होता. एकदा एक व्यापारी नमुना घेऊन आला आणि “काका, रंग बघा, रंग!” म्हणून नाचायला लागला. काकांनी मिरची चुरगळली, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, “छान आहे. कुठल्या दुकानातून आणलात?” त्याला वाटलं मिरचीचं विचारतात. आम्हाला कळलं की रंगाचं विचारतात.

कुणाचं काही घ्यायचे नाहीत. चहा पाजलेला चालायचा नाही. माझं पेन समोर पडलेलं असलं, तरी स्वतःचं शोधायला खाली जायचे. देवाधर्माचं वावडं नव्हतं, पण नवसाची चेष्टा करायचे. शेठ दर महिन्याला काही ना काही बोलून यायचे. काका म्हणायचे, “आपली गरज समोरच्याला कळू देऊ नये. तो भाव वाढवतो.”

असा हा माणूस एके दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि उजवा हात पसरून म्हणाला, “बाई, भीक घाला.”

मला वाटलं टोमणा आहे. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे एका बिलाची प्रत दोनदा मागितली होती. मी म्हटलं, “सकाळी सकाळी माझ्यावर का घसरताय?” त्यांनी हात मागे घेतला नाही. मग मी वर पाहिलं, आणि मला कळलं की हा माणूस झोपलेला नाही.

त्यांच्या घरी ते आणि त्यांची लेक, एवढेच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. जावई मालवाहू जहाजावर. लेकीचं पहिलं मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं. दुसऱ्या वेळी सगळं नीट चाललंय म्हणेपर्यंत सातव्या महिन्यातच मुलगा झाला. काचेच्या पेटीत ठेवला होता. “वजन किती?” मी विचारलं. आयुष्यभर पोत्यांची वजनं सांगणारा माणूस म्हणाला, “साखरेच्या पुड्यापेक्षा थोडं जास्त.”

आणि म्हणून भीक. जुन्या घरांमधून ही रीत होती. ज्या घरी मूल टिकत नाही, तिथे पुढच्या मुलासाठी पाच ठिकाणी भीक मागायची, त्या पैशांत आपली भर घालून सोनं घ्यायचं आणि त्याची बाळी मुलाच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेत घालायची. भिकबाळी. म्हणजे हे मूल आमचं नाही, मागून आणलेलं आहे, त्यावर कुणी डोळा ठेवू नये. हल्ली ढोलपथकातली मुलं हौस म्हणून घालतात, ती हीच. पण काकांच्या नातवाच्या नाकात नळी होती, हातापायांना तारा होत्या, आणि कान टोचण्याचा विषय काढल्यावर तिथल्या सिस्टरने त्यांच्याकडे असं पाहिलं म्हणे, की त्यांनी विषय बदलून पाण्याची व्यवस्था विचारली.

“मग?” मी म्हटलं.

“मग काय. त्याचा कान मोकळा नाही. माझा आहे.”

मी नाणं दिलं. त्यांनी मूठ मिटली आणि खाली हमालांकडे गेले. तिथला मुकादम गडबडून गेला. म्हणाला, “काका, भीक नगा म्हनू. देवाचं हाय, घ्या.” काका म्हणाले, “भीकच आहे. भीक म्हणूनच घाल, नाहीतर उपयोग नाही.” मुकादमाने बिचाऱ्याने डोक्यावरचं फडकं काढून नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. काका आणखी तीन गाळ्यांवर गेले. ज्यांच्याकडचा चहा त्यांनी कधी घेतला नव्हता, त्यांच्यासमोर हात पसरून उभे राहिले. त्या दिवशी बाजारात कुणी त्यांची चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कानात बाळी घालून आले. दोन मोती, मध्ये लाल खडा, आणि सोन्याची तार मागे पिळलेली. रविवार पेठेतल्या सोनाराने त्याच तारेने टोचून दिली होती. आता शेठना राहवेना. म्हणाले, “काका, ढोलपथकात नाव घातलंत काय?” काका म्हणाले, “हो. तुमच्या मिरवणुकीत वाजवणार आहे.”

इथपर्यंत मला त्यांच्याबद्दल फक्त आदर होता. पुढे मात्र त्या कानाने माझ्या नाकी नऊ आणले.

कानाची खालची पाळी टोचली तर लवकर बरी होते. वरची कड कडक असते, तिला महिनोन् महिने लागतात, आणि तेवढे दिवस तिला एकटं सोडावं लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकांना माहीत असतं तरी फरक पडला नसता. थोड्या दिवसांत बाळीच्या मुळाशी एक लाल फोड आला. पहिल्यांदा मोहरीएवढा. मग भुसार बाजारच तो, रोज सकाळी प्रतवारी सुरू झाली. “आज मसूर आहे.” “नाही हो, तूर झाली.” वजनं करणाऱ्या एका तोलाऱ्याने तर लांबूनच बघून “हरभरा, काबुली” असं जाहीर केलं. काका स्वतः बोटाने चाचपून दुरुस्ती करायचे. “काबुली नाही. देशी.”

मग उपाय. शेजारच्या गाळ्यावरून हळद आली, पलीकडून तुरटी. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी चुना, कुणी टूथपेस्ट. काकांनी एकाचाही अवमान केला नाही. एरवी जगातल्या प्रत्येक सल्ल्यातली चूक काढणारा हा माणूस कानाच्या बाबतीत सगळ्यांचं ऐकायला लागला, फक्त माझं सोडून. मी एकच गोष्ट सांगत होते, की हात लावू नका.

“हात कुठे लावतो? फिरवतो फक्त.”

“फिरवता म्हणजे?”

“रोज तेल लावून बाळी फिरवायची असते. नाहीतर चिकटते. सोनाराने सांगितलंय. माझी आईपण बहिणींच्या कानातलं फिरवायची.”

“आणि दिवसभर चाचपता ते?”

“ते बघतो. मला माझा कान दिसतो का? तुम्हाला दिसतो का तुमचा? मग बोटानेच बघणार ना.”



एका दुपारी गुंटूरचा माल उतरला. काकांनी चार पोत्यांतली मिरची बघितली, म्हणजे अर्थातच चुरगळली, आणि सवयीने बोटं कानाकडे गेली. ते ओरडले नाहीत. फक्त खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा मिरचीच्याच रंगाचा झाला. मी तांब्या घेऊन धावले. कानावर पाणी ओतता ओतता मी विचारलं, “हात लावलात?”

“नाही,” डोळे मिटूनच ते म्हणाले. “बघितलं.”

त्या दिवसापासून मी घरून मीठ घालून उकळलेलं पाणी बाटलीत आणायला लागले. विश्रांतवाडी ते गुलटेकडी, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये एका परक्या माणसाच्या कानाचं पाणी. गाळ्यावर आल्यावर स्वच्छ कापूस बुडवून मी तो फोड धुवायची, सुकलेली खपली हळूच काढायची आणि वर्तमानपत्राने वारा घालायची. मला जीएसटीसाठी नोकरीला ठेवलं होतं, हे मी शेठना सुनावलं. शेठ म्हणाले, “तेही चालू राहू दे.”

मी धुवायची आणि काका बिघडवायचे. थंडी पडली तर लोकरीची माकडटोपी घालून आले, आणि ती काढताना लोकरीचा धागा तारेत अडकला. तो मी कात्रीने कापला. हेल्मेट मात्र त्यांनी घातलं नाही, कान दुखतो म्हणून. आयुष्यभर हेल्मेटला विरोध केलेल्या पुणेकराला इतकं सबळ कारण मिळाल्यावर तो कशाला बरा होईल, असं मी म्हटल्यावर ते पहिल्यांदा हसले.

झोपायचेही उजव्याच कुशीवर, त्याच कानावर. मी म्हटलं, “डाव्या कुशीवर झोपा ना.” तर म्हणाले, “फोन उशाशी असतो. हॉस्पिटलचा आला तर?”

“तो डाव्या कुशीवरही ऐकू येईल.”

“डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, बाई. त्या कुशीवर झोपलो की उजवा कान वर राहतो हे मला कळतं. पण फोन आला की मी झोपेत उजव्याच कानाला दाबतो. मग उजव्यावरच झोपलेलं काय वाईट?”

यात काही तर्क असेल तर मला आजतागायत सापडलेला नाही. पण त्या घरात फोन वाजला की काय होत असेल, ते मला समजलं.

बाळ मात्र धरून होतं. नळी निघाली. थोडं थोडं दूध पचायला लागलं. तेव्हा हॉस्पिटलने लेकीला सांगितलं, की आता याला रोज काही तास उघड्या छातीशी धरायचं. अंगाची ऊब आणि ठोके लागले की अशी मुलं झपाट्याने सुधारतात. लेक धरायला लागली. काका गाळ्यावर येऊन रोज वजन सांगायचे, मिरचीच्या भावाआधी. आणि मग लेकीच्या सिझेरियनच्या टाक्यांत पू झाला. तिला ताप भरला, आणि ती बरी होईपर्यंत बाळाजवळ जायची बंदी झाली. जावयाचं जहाज कुठल्या तरी समुद्रात. बाळाचं वजन वाढायचं थांबलं.

सिस्टरने विचारलं, “घरचं दुसरं कोणी आहे का धरायला?”

काका दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, नखं कापून, धुतलेला सदरा घालून तिथे हजर. कोपरापर्यंत हात धुतले. आत जाणार तेवढ्यात सिस्टरचं कानाकडे लक्ष गेलं. त्या दिवशी फोड ओला होता, वर हळदीचं कडं होतं. ती म्हणाली, “आजोबा, हे काय? हे घेऊन बाळाला छातीशी धरणार? कान बरा करा, डॉक्टरांकडून लिहून आणा, मग आत. तोपर्यंत काचेतून नुसतं बघायचं.”

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, एकही शब्द न बदलता. बाळासाठी घातलेल्या बाळीने त्यांना बाळाच्या दारात अडवलं होतं. ते म्हणाले, “काय करू, बाई?” माझ्याकडून साधं पेनसुद्धा न घेणारा माणूस.

मी शेठना सांगितलं, आम्ही दोघं जातोय. रिक्षा केली आणि त्यांना कर्वेनगरच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी भिंगातून कान पाहिला. “काय काय लावलंत याला?”

काकांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. हळद, खोबरेल, तुरटी, चुना, टूथपेस्ट. मिरचीचं मी सांगितलं.

“एवढ्यात आमटी झाली असती,” बाई म्हणाल्या. “हे पिकलेलं नाहीये. वाढत जाणारी गाठही नाही. चिडलंय नुसतं.”

“कोण?”

“कान. तुम्ही त्याला रोज चिडवताय, तो चिडतोय. जड बाळी, ती लोंबणार, हलणार, त्यात तुम्ही ती फिरवणार. आत बरी होणारी जखम रोज नव्याने उकरताय. ही काढायची. याच्या जागी टायटॅनियमची सरळ, हलकी कांडी घालते. मिठाच्या पाण्याशिवाय काही लावायचं नाही. फिरवायचं नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. आणि त्याच्याकडे चक्क कानाडोळा करायचा.”

“कानाकडे?” काकांनी विचारलं.

“कानाकडेच.”

इथे प्रश्न सुटला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. काका उठून उभे राहिले. म्हणाले, “बाळी काढता येणार नाही. तो घरी येईपर्यंत नाही. काढली तर भीक परत केल्यासारखं होईल.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “काका, खिशात ठेवा ना बाळी. तुमच्या अंगावरच राहील.”

“खिशात ठेवली तर ती भिकबाळी नाही. खिसबाळी.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांची मीठपाण्याची बाटली, दोन बस, तो कापूस, ती माकडटोपी, सगळं एकदम वर आलं. दवाखान्यात बाहेर माणसं बसली होती, त्याचंही मला भान राहिलं नाही. मी ओरडले, “अहो, त्या पोराला तुमचा कान नकोय! त्याला तुमची छाती हवी आहे! कान घेऊन काय करायचंय त्याला?”

काका उभेच राहिले. मग हळूच खुर्चीत बसले, चष्मा काढून हातात धरला आणि कान डॉक्टरीणबाईंपुढे केला. “काढा,” म्हणाले.

बाळी त्यांनी लेकीकडे दिली. ती आयटीतली मुलगी, या सगळ्याला आधी हसलेली. तिने तापातच ती काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात बांधली.

मग हात न लावण्याचे दिवस सुरू झाले, आणि ते आमच्या गाळ्याच्या इतिहासात सगळ्यात कठीण होते. ब्याडगीचा मोठा माल आला. मिरचीचा हात कानाला जायला नको म्हणून काका पोत्यासमोर हात पाठीमागे बांधून उभे. शेठ म्हणाले, “बघा की.” काका म्हणाले, “बघतोय.” शेठ म्हणाले, “मग कशी आहे?” काका म्हणाले, “लाल आहे.” डोळ्यांनी सांगितलेल्या मालाची जबाबदारी आपली नाही, असं त्यांनी शेठना स्वच्छ सांगितलं.

त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला की मी आतून ओरडायची, “हात!” आधी मी एकटीच ओरडत होते. मग मुकादमाने उचललं. मग सगळी ओळ. समोरच्या गाळ्यावरचा तोलारी वजन करता करता ओरडायचा, “काका, हात!” गिऱ्हाईकं चमकून आपापले हात बघायची. शेवटी काका दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. रात्री हातांत पायमोजे घालून झोपायचे. हे त्यांनीच सांगितलं, आणि कुणाला सांगू नका असंही. तेवढं मी पाळलं, आतापर्यंत.

फोड सुकला. पुरता गेला नाही, पण ओल गेली, खपली धरायची थांबली. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, की हे संसर्गाचं नाही, धरू द्या. तो कागद घेऊन काका गाळ्यावर आले. मला वाटलं पेढे आणले असतील. त्यांनी शेठसमोर तळहात पालथे-उलथे केले आणि म्हणाले, “इतके दिवस मिरचीला हात नाही लावला. रोज साबणाने धुतो. आज सकाळी जिभेला लावून बघितलं. अजून झोंबतं.”

“वहम आहे तुमचा,” शेठ म्हणाले.

“मिरचीतलं मला कळतं. मी उद्यापासून येत नाही.”

“ठीक आहे. कान बरा होईपर्यंत सुट्टी घ्या.”

“कानाचं काही नाही. हात बरा होईपर्यंत.”

शेठना वाटलं आठवडाभराची गोष्ट आहे. मलाही. काका परत आलेच नाहीत. बाळ घरी गेलं, बसायला लागलं, चालायला लागलं, आणि काकांचा हात काही बरा झाला नाही. फोन केला की म्हणायचे, “अजून थोडं आहे, बाई.” त्यांच्या जागी जो पारखी आला, तो चांगला होता, माझं पेन बिनधास्त घ्यायचा आणि परत द्यायचा नाही. काका गेल्याचं कळलं तेव्हा त्यांचा नातू शाळेत जायला लागला होता. मी भेटायला गेले तर तो दारातच आडवा आला आणि “चप्पल बाहेर” म्हणाला. स्वर थेट पेठेतला.

पण मला ते दिसतात ते त्या हॉस्पिटलमध्ये. गाळा सोडून त्यांना दोन-चार दिवस झाले असतील. त्यांचा चष्मा टेबलाच्या खणात राहिला होता, तो द्यायला मी दुपारची गेले होते. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून काचेपाशी उभी राहिले. काका मागे रेललेल्या खुर्चीत बसले होते. सदऱ्याची बटणं सोडलेली, पांढरे केस असलेली हडकुळी छाती, आणि तिच्यावर पालथं घातलेलं ते मूल. कापडाने दोघांना एकत्र बांधलं होतं. मुलाचं टोपडं काकांच्या हनुवटीखाली होतं. एक हात त्याच्या पाठीवर, एक त्याच्या बुडाखाली.

आणि त्यांचा कान खाजत होता. मी तो कान इतके दिवस धुतला होता, मला लांबूनही कळलं. त्यांनी खांदा वर घेऊन पाहिला, पोहोचेना. नाक मुरडलं, भुवया उचलल्या, जबडा हलवला. डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हात होते तिथेच राहिले. जवळून जाणारी सिस्टर थांबली, वाकून काहीतरी म्हणाली आणि स्वतःचं बोट त्यांच्या कानाकडे नेलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, अगदी थोडी हलवली, मूल जागं होऊ नये म्हणून.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त त्यांचा संताप आला. एवढा संयम जवळ होता, तर मी रोज बाटलीभर पाणी घेऊन दोन बस बदलत होते तेव्हा तो कुठे ठेवला होतात, असं काचेवर टकटक करून त्यांना विचारावं म्हणून मी हात उचललासुद्धा. तेवढ्यात मुलाने त्यांच्या छातीवर एक जांभई दिली. मी चष्मा बाहेर टेबलावर ठेवला आणि निघाले.